घरात सात वर्षांची मांजर आहे आणि आता पिल्लू आणलंय. ओळख कशी करून द्यावी?

तळजाई:
आमच्याकडे सात वर्षांची मनी आहे. नसबंदी झालेली, लसी वेळच्या वेळी, स्वभाव मानी. घरात मी, नवरा, सासूबाई आणि ती. दुसरं मांजर तिने आजवर फक्त खिडकीतून पाहिलंय. परवा रात्री पावसात पार्किंगमधून सारखं ओरडणं ऐकू येत होतं. वॉचमनकाकांनी एका गाडीच्या बॉनेटमधून पिल्लू काढलं. काळं-पांढरं, दीड-दोन महिन्यांचं असेल, एका डोळ्यात चिपडं. आईची पुष्कळ वाट पाहिली, ती आली नाही, म्हणून वर आणलं. सध्या कॉमन बाथरूममध्ये ठेवलंय. मनी दाराच्या फटीला नाक लावून बसते, फिस्कारते, आणि कालपासून निम्मंच खातेय.

सासूबाई म्हणतात, "सोडा दोघांना एकत्र, दोन दिवस भांडतील आणि मग गप बसतील." मला पिल्लू ठेवायचंच आहे. पण या घरावर मनीचा हक्क आधी आहे, आणि तो डावलून काही करायचं नाही. घर टू बीएचके. गणपती दीड दिवसाचे, तेव्हा घर माणसांनी भरलेलं असेल. ज्यांनी हे केलंय त्यांनी कृपया नीट सविस्तर लिहा.

निंबोणी:
फोटो टाका हो आधी! सल्ले येतीलच.

दुपारचा_चहा:
मला सासूबाईंचं पटतं. आमच्या वाईच्या वाड्यात मांजरं कायम असायची, कधी पाच, कधी आठ. नवा बोका आला की दोन रात्री कौलांवर धुमश्चक्री चालायची, नंतर सगळी एकाच चुलीपाशी झोपायची. जनावरांचं जनावरांना कळतं. आपण मध्ये पडलो की उलट बिनसतं.

खिडकीतली:
दुपारचा_चहा, वाड्यात न पटलेल्या मांजराला माळा होता, परस होतं, शेजारचं घर होतं. "अमकं मांजर गायब झालं" असं आपण म्हणायचो, ते बरेचदा हरून निघून गेलेलं असायचं. टू बीएचकेत हरलेलं मांजर जाणार कुठे? पलंगाखाली. मग तिथेच बसणार, तिथेच मुतणार, आणि आपण म्हणणार की मांजर घाण करायला लागलं.

तळजाई, माझ्याकडे तीन आहेत, तिन्ही वेगवेगळ्या वेळी आलेली. माझा सगळा भर बंद दारावर असतो. दाराच्या अलीकडे मनी, पलीकडे पिल्लू, आणि दोघांचं जेवण एकाच वेळी. ताटली दारापासून इतकी लांब ठेवायची की मनी मान खाली घालून निवांत खाईल. घास घेऊन लगेच मान वर करून दाराकडे बघत असेल, तर ताटली अजून मागे. निवांत खायला लागली की दुसऱ्या दिवशी वीतभर पुढे. पलीकडचा वास आला की चांगलंचुंगलं खायला मिळतं, एवढंच तिच्या डोक्यात बसवायचं आहे. तिच्या आवडीचं असेल ते याच वेळी द्या. आमच्याकडे उकडलेलं चिकन हाताने कुस्करून द्यायचो, एरवी ते मिळायचं नाही.

जोडीने वासाची देवघेव. मांजर आपल्या पायाला, दाराच्या चौकटीला गाल घासतं, तेव्हा ते तिथे आपला वास लावत असतं. जुना पायमोजा पिल्लाच्या गालावरून फिरवून हॉलमध्ये एका बाजूला टाकून ठेवा. मनीच्या गादीवर नको, ती जागा निखळ तिची राहू दे. हुंगून फिस्कारली तरी बिघडत नाही. हुंगून कंटाळून निघून गेली तर समजा काम होतंय. नंतर जागांची अदलाबदल: मनी पिल्लाच्या खोलीत असताना पिल्लू हॉलमध्ये फिरेल, त्या वेळात मनीला त्याची खोली हुंगता येईल. समोरासमोर भेट सगळ्यात शेवटी, आधी जाळीआडून.

शेपटीवाला_डॉक्टर:
मी पशुवैद्यक आहे, ठाण्यात. खिडकीतली यांचा क्रम योग्य आहे, फक्त पायमोजा आत्ता नको. पिल्लाच्या डोळ्यात चिपडं आहे म्हणजे मांजरांच्या सर्दीचे विषाणू असण्याची बरीच शक्यता आहे, आणि ते कपड्यावरून, हातावरून जातात. आधी तब्येत, मग ओळख.

पिल्लू आजच जवळच्या डॉक्टरांना दाखवा. डोळा, ताप, पिसवा, जंत एवढं पाहिलं जाईलच. दोन आठवडे ते पूर्ण वेगळं राहू द्या. खरी भीती पॅनल्युकोपेनियाची असते. कुत्र्यांना पार्व्हो होतो तसा हा मांजरांचा आजार, लस न झालेल्या पिल्लांत फार घातक. उलट्या, सुस्ती, खाणं बंद असं दिसलं तर रात्र जाऊ देऊ नका. हा विषाणू घरात वर्षभरसुद्धा टिकतो आणि साध्या साबणाने मरत नाही. धुण्याच्या ब्लीचचा एक भाग आणि पाणी ३२ भाग असं मिश्रण करून, आधी घाण पुसून घेऊन, फरशीवर १० मिनिटं राहू द्यायचं आणि मग साध्या पाण्याने धुवायचं. मनीच्या लसी झालेल्या आहेत हे तिचं मोठं संरक्षण, तरी तिचा बूस्टर कधी आहे ते कार्डावर बघा.

पिल्लाची तिहेरी लस सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू होते आणि दर तीन-चार आठवड्यांनी, १६ आठवड्यांचं होईपर्यंत द्यावी लागते. रेबीजची तीन महिन्यांनंतर. त्याची ल्युकेमिया आणि एफआयव्ही या मांजरांच्या दोन विषाणूंसाठी रक्ततपासणी करून घ्या. ल्युकेमियाचा विषाणू लाळेतून जातो. एकमेकांना चाटणं, एका वाटीत खाणं एवढंही पुरतं. म्हणजे जितकं छान पटेल तितका धोका जास्त. एफआयव्ही मुख्यतः खोल चाव्यातून जातो. लहान पिल्लात आईकडून आलेल्या प्रतिपिंडांमुळे एफआयव्हीची चाचणी खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते, तशी आली तर घाबरून निर्णय घेऊ नका, पिल्लू सहा महिन्यांचं झाल्यावर परत करा.

आणि मनीचं खाणं. निम्मं खातेय तोवर लक्ष ठेवा. मोठं मांजर दिवसभर अजिबात खात नसेल तर डॉक्टरांकडे न्यायलाच हवं. दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तर मांजराच्या यकृतात चरबी साठून ते गंभीर आजारी पडू शकतं, जाड मांजराला तर धोका जास्तच.

तळजाई:
खूप आभार डॉक्टर. संध्याकाळीच नेते. दोन प्रश्न. आमच्याकडे फरशी फिनाईलने पुसतात, ते चालेल का? आणि काल कॅरियरमध्ये घालताना पिल्लाने मला बोचकारलंय, थोडं रक्त आलं.

शेपटीवाला_डॉक्टर:
फिनाईल बंद करा, मनीसाठीसुद्धा. मांजराच्या यकृताला फिनॉल पचवता येत नाही. ओल्या फरशीवरून चालून पंजे चाटले की ते पोटात जातं. पाण्यात घातल्यावर दुधासारखं पांढरं होणारं काळं फिनाईल तर घरात ठेवूच नका.

ओरखडा साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा आणि आजच माणसांच्या डॉक्टरांकडे जा. रस्त्यावरचं, लस न झालेलं जनावर आणि रक्त आलंय, म्हणजे रेबीजचं इंजेक्शन हवंच. "पिल्लूच तर आहे" म्हणून थांबू नका.

सोनचाफा:
डॉक्टर, तुमचा प्रतिसाद वाचून आमच्या घरातली फिनाईलची बाटली आत्ता उचलून टाकली. हे कोणी सांगितलंच नव्हतं.

रानवाट:
ज्यांच्याकडे कुत्रा आणि मांजर दोन्ही आहेत त्यांच्यासाठी याच विषयातलं एक. कुत्र्याच्या मानेवर टाकायची गोचीड-पिसवांची काही औषधं पर्मेथ्रिनची असतात. ती मांजराला विष आहेत. मांजरावर टाकायची तर नाहीतच, पण औषध टाकलेल्या कुत्र्याला मांजराने चाटलं किंवा त्याच्या अंगाला अंग लावून झोपलं, तरी त्याला झटके येऊ शकतात. पावसाळ्यात गोचीड वाढतात, आपण दुकानातून औषध आणून टाकतो. पाकिटावर घटक वाचा, आणि घरात मांजर आहे हे डॉक्टरांना आधी सांगा.

बाकी आमचा लॅब्रॅडॉर पाच वर्षांचा असताना मांजर आली. सुरुवातीचे बरेच दिवस तो घरातसुद्धा पट्ट्यात. मांजर पळाली की कुत्र्याचे पाय आपोआप मागे धावतात, त्यात राग असतोच असं नाही. पण एकदा पाठलाग झाला की मांजर ते विसरत नाही. म्हणून तो तिच्याकडे बघून परत माझ्याकडे बघेल त्या क्षणी खाऊ. सारखं हेच केलं. आणि मांजरीला उंचावर जागा हवी. आम्ही पुस्तकांच्या दोन फळ्या रिकाम्या केल्या. आता त्याच्या गादीवर ती ऐसपैस पसरते आणि हा तीस किलोचा गडी कडेला फरशीवर झोपतो!

भटकी_जमात:
कुत्र्याला दुसरा कुत्रा आणायचा असेल तर मात्र पहिली भेट घरात नकोच. मी दोन्ही वेळा वेताळ टेकडीवर भेट घडवली, पहाटे, गर्दी व्हायच्या आत. एक माणूस एक कुत्रा, दोघं एकाच दिशेने, मध्ये चांगलं अंतर ठेवून नुसतं चालायचं. पट्टा सैल. आपण पट्टा ताणला की कुत्रा समजतो काहीतरी गडबड आहे. हळूहळू अंतर कमी होतं, एक दुसऱ्याने मुतलेली जागा हुंगतो, मग बाजूने येऊन शेपटीकडे हुंगतात. तोंडाला तोंड लावून ताठ उभे राहिले की हाक मारून पुढे निघायचं. तासभर चालून दोघं दमले की एकत्रच घरात शिरायचं. घरात भांडी, खेळणी, हाडं आधीच उचलून ठेवलेली. आमची पहिली देशी कुत्री खाण्यावरून फार हळवी आहे, त्यामुळे दोघांची जेवणं अजूनही वेगळ्या खोल्यांत, दार लावून. त्यात मला काही गैर वाटत नाही.

गोठेकर:
मी जुन्नर तालुक्यातला. आमच्याकडे ही नवी-जुनी भानगड कायमची. चाकणच्या बाजारातून बैल आणला की तो थेट दावणीला कधीच बांधत नाही. गोठ्यापासून लांब, वाऱ्याच्या खालच्या अंगाला, तीन आठवडे वेगळा खुंटा. त्याची बादली वेगळी, घमेलं वेगळं. चारापाणी, शेण काढणं आधी जुन्या जनावरांचं, मग नव्याचं, उलट नाही. लाळ्या-खुरकूत असंच येतं, बाजारातून नव्या जनावराबरोबर. २०२२ ला लम्पी आला तेव्हा आमच्याकडे ज्यांनी हा नियम पाळला त्यांचंही काही वाचलं, काही नाही, कारण तो रोग माश्या-डासांवरूनही पसरतो. पण नियम सोडायचा नाही. वेगळं ठेवायचे दिवस संपले की नवं जनावर सगळ्यात शांत गाईशेजारी बांधायचं. गव्हाण वेगळी, नाहीतर शिंगं लागतात.

कोंबड्यांचं तर विचारू नका. दिवसाउजेडी नवी कोंबडी सोडली की जुन्या तिला टोचून टोचून रक्तबंबाळ करतात. वेगळं ठेवायचे दिवस झाले की रात्री अंधारात खुराड्यात दांडीवर नेऊन बसवायची, सकाळी सगळ्या एकत्रच खाली उतरतात. टोचाटोची होतेच, पण कमी. आणि एकटी कधी आणू नये, दोन-तीन आणाव्यात म्हणजे मार वाटला जातो. मानमोडीची लस झालेली नसेल तर आणूच नये.

खिडकीतली:
गोठेकर, काय सुंदर प्रतिसाद! "आधी जुन्याचं, मग नव्याचं" हे आम्हा फ्लॅटवाल्यांनी भिंतीवर लिहून ठेवावं. मनीचं खाणंपिणं, खेळणं आधी, मग हात धुऊन, कपडे बदलून पिल्लाकडे.

अबोली२:
थोडं अवांतर. आमच्या मुलीला मांजराच्या जोडीला पोपट हवाय. कोणाकडे एकत्र नांदतात का?

रानवाट:
आपला हिरवा पोपट घरात पाळणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. कितीही घरांत पिंजरा दिसला तरी. बजरीगर हे छोटे पोपट परदेशी मूळचे, ते चालतात. पण मांजराच्या घरात नका आणू. मांजराचा दात किंवा नख जरासं लागलं तरी त्याच्या तोंडातल्या जंतूंनी पक्षी एक-दोन दिवसांत जाऊ शकतो. तसं कधी झालंच तर जखम दिसो न दिसो, लगेच डॉक्टरांकडे. आणि जखम टळली तरी पिंजऱ्याबाहेर दिवसभर टक लावून बसलेलं मांजर म्हणजे पक्ष्याला सततची धास्ती.

पलीकडचा_तीर:
टोरांटोहून लिहितोय. आमचे दोन बोके सख्खे भाऊ, चार वर्षं एका उशीवर झोपलेले. एका रात्री मागच्या काचेच्या दारापाशी रॅकून हा इकडचा रानटी प्राणी आला. थोरल्याने त्याला पाहिलं, फुगला, किंचाळला, आणि वळून धाकट्यावर तुटून पडला. रॅकूनपर्यंत पोहोचता येईना म्हणून राग जवळच्यावर निघाला. त्यानंतर दोघं एकमेकांना बघताच गुरगुरायचे. शेवटी अनोळखी मांजरांसारखं पहिल्यापासून सुरू केलं: वेगळ्या खोल्या, दाराशी जेवण, जाळी. काही आठवडे गेले, पण पूर्ववत झाले. दाराच्या खालच्या भागाला धूसर फिल्म लावली, बाहेरचं दिसेनासं झालं. तळजाई, तुमच्या खिडकीत सोसायटीतली मांजरं येत असतील तर त्या काळात पडदा ओढून ठेवा.

अजून एक, मनी डॉक्टरांकडून परत येईल तेव्हा तिच्या अंगाला दवाखान्याचा वास असेल. नुकती ओळख झालेलं पिल्लू तिला ओळखणार नाही असंही होतं. तासभर वेगळ्या खोलीत बसू द्या.

दुपारचा_चहा:
वाचतोय. वाड्यातलं मांजर हरून जायचं हा मुद्दा डोक्यातून जात नाहीये. आजीची एक तांबडी भाटी होती, नवा बोका आल्यावर ती दिसेनाशी झाली आणि आजी कित्येक दिवस संध्याकाळी दारात उभी राहून तिला हाका मारायची. तळजाई, सासूबाईंना हा धागा वाचून दाखवा. एकत्र सोडा हे मी आता म्हणणार नाही.

तळजाई:
सगळ्यांचे मनापासून आभार. मध्ये बरेच दिवस लिहायला जमलं नाही, आता सगळं एकदम लिहिते.

पिल्लू मुलगा आहे. डोळा औषधाने साफ झाला, रक्ततपासणी निर्धोक, पहिली लस झाली. माझीही इंजेक्शनं चालू आहेत. बाथरूम ओलं राहतं म्हणून त्याला मागच्या छोट्या बेडरूममध्ये हलवलं, खोक्यात जुनी गोधडी घालून. दोन आठवडे संपल्यावर पायमोजा. मनीने पहिल्यांदा हुंगून त्यावर पंजा मारला, नंतर नंतर ढुंकूनही पाहीना. दाराशी जेवण आता अगदी दाराला ताटली टेकवून. खालच्या फटीतून तो पंजा बाहेर काढतो, मनी त्या पंजाकडे बघत खाते. सासूबाई स्वतः दोन्हीकडच्या ताटल्या लावतात आणि मनीला आधी हाक मारतात.

गणपतीत समोरासमोर भेट नको असं ठरवलं. आरत्या, पाहुणे, सारखी उघडी दारं. पिल्लाच्या खोलीला कडी आणि बाहेर मोठ्या अक्षरांत चिठ्ठी लावली होती. मनी माळ्यावर जाऊन बसली, तिला तिथेच पाणी ठेवलं.

आता जाळी. सुतार नायलॉनची डासांची जाळी लावून देतो म्हणतोय. चालेल? आणि समोर आल्यावर खेळ कुठला आणि भांडण कुठलं हे ओळखायचं कसं?

खिडकीतली:
नायलॉन नको, पिल्लू एका दिवसात फाडेल. स्टीलची बारीक जाळी, खाली पट्टी घट्ट. सुरुवातीला जाळीवर निम्म्या उंचीपर्यंत चादर टाका, रोज थोडी वर करा.

खेळात आवाज फारसा नसतो, पाळीपाळीने पाठलाग होतो, मध्येच थांबून दोघं अंग चाटतात. कान मागे चपटे, अंग फुगलेलं, लांबलचक रडका आवाज, म्हणजे भांडण. पण बघायला अवघड असतं ते बिनआवाजाचं. एकाने पॅसेजच्या मध्यात बसायचं आणि टक लावून बघायचं, दुसऱ्याने माघारी फिरायचं. भांडण दिसत नाही, पण मागे फिरलेलं मांजर लिटरपर्यंत, म्हणजे शी-शूच्या ट्रेपर्यंत, पोहोचतच नाही. म्हणून लिटरचे ट्रे मांजरांपेक्षा एक जास्त, तुमच्याकडे तीन, आणि तिन्ही एका कोपऱ्यात नाहीत. पाण्याची भांडीही दोन ठिकाणी.

जुंपलीच तर हात घालू नका. मध्ये उशी किंवा पुठ्ठा सरकवायचा. मांजराचा चावा खोल जातो आणि पिकतो.

भटकी_जमात:
यात भर: भेटीच्या आधी पिल्लाला दोरीच्या खेळण्यामागे पळवून पळवून दमवा. सात वर्षांच्या मनीला त्याचा उत्साहच जास्त त्रासाचा होणार. पहिल्या भेटी अगदी थोडक्यात उरका, सगळं छान चाललेलं असतानाच.

तळजाई:
जाळीचं स्टीलचं सांगितलं. तिसऱ्या ट्रेची जागा सासूबाईंनी काढली, कपड्यांच्या कपाटाशेजारी! डॉक्टर, शेवटचं एक. नसबंदी कधी करावी? लहान आहे म्हणून घरातले थांबा म्हणतायत.

शेपटीवाला_डॉक्टर:
चौथा-पाचवा महिना. सहाच्या पुढे जाऊ देऊ नका. मनीची नसबंदी झालेली असली तरी वयात आलेला बोका तिच्या मानेला धरायला जाईल, पडद्यांवर फवारे मारेल, आणि इतक्या मेहनतीने जमवलेलं बिघडेल. लसींचा शेवटचा डोस साधारण त्याच सुमाराला येतो, तेव्हाच तारीख ठरवून घ्या. शस्त्रक्रियेनंतर अंगातली संप्रेरकं उतरायला काही आठवडे लागतात, त्यामुळे लगेच फरक दिसला नाही तर काळजी नको. त्या दिवशी तो घरी आला की रात्रभर वेगळ्या खोलीत ठेवा. भूल उतरताना तो अडखळत चालेल आणि दवाखान्याचा वास असेल, मनीला ते दोन्ही आवडणार नाही. सकाळी दाराशी ताटल्या लावून बघा. दोघं निवांत जेवली की दार उघडा.